पंचेचाळिसाव्या वर्षी व्हीनस खेळते, तेराव्या वर्षी आरेची मुलगी निवृत्त होते!

आमचे निम्मे आयुष्य कोर्टात गेले. पण आज ज्या कोर्टाविषयी लिहायचे आहे ते वेगळे आहे. तेथे काळा कोट लागत नाही, तारखेवर तारीख पडत नाही आणि निकाल त्याच दिवशी लागतो. ते टेनिसचे कोर्ट आहे. चळवळीच्या दैनिकात टेनिस कशाला, असे काही वाचक विचारतील. तरुणांच्या हाताला काम नाही, मुलांच्या शिष्यवृत्त्या वेळेवर मिळत नाहीत, वस्त्यांवर बुलडोझर फिरतो, अशा वेळी श्रीमंतांच्या खेळाची चर्चा आम्हाला का सुचावी? प्रश्न रास्त आहे. आमची एवढीच विनंती आहे की, वाचकांनी शेवटपर्यंत वाचावे. कारण हा विषय आम्ही विम्बल्डनहून आणलेला नाही. तो आम्हाला गोरेगावच्या आरे कॉलनीत, एका पडक्या तबेल्याच्या भिंतीजवळ सापडला.

२०२५ च्या जुलै महिन्यातील गोष्ट. जातीच्या दाखल्यांची कागदपत्रे तपासण्यासाठी आम्ही आणि आमचे एक तरुण सहकारी आरेतील एका आदिवासी पाड्यावर गेलो होतो. पावसाने थोडी उघडीप दिली होती. तबेल्याच्या भिंतीवर एक मुलगी चेंडू मारीत होती. हातात रॅकेट नव्हती, खोक्याची फळी होती. चेंडू मात्र टेनिसचाच होता. गल्ली क्रिकेटमध्ये झिजून टक्कल पडलेला. ती मोठ्याने मोजत होती. एकतीस, बत्तीस, तेहतीस. चेंडू चिखलात पडला की पुन्हा एकपासून सुरुवात. मुंबईच्या प्रत्येक वस्तीत असे हजारो टेनिसचे चेंडू आहेत, टेनिस मात्र कुठेच नाही. चेंडू आमच्यापर्यंत आला, खेळ आला नाही.

आमच्या सहकाऱ्याला काय वाटले कोण जाणे, त्याने खिशातला मोबाईल काढला आणि त्याच आठवड्यात वॉशिंग्टनला झालेला व्हीनस विल्यम्सचा सामना तिला दाखवला. मुलीने डोळे मोठे करून पाहिले आणि विचारले, "ही बाई किती वर्षांची?" सहकारी म्हणाला, "पंचेचाळीस." मुलगी खळखळून हसली. "माझ्या आजीएवढी!" तिची आई शेजारीच चुलीसाठी लाकडे झाकत होती. ती म्हणाली, "वकीलसाहेब, तिला नका असलं दाखवू. तेरावं लागलंय तिला. दिवाळीनंतर खेळ बंद. पाणी कोण भरणार? धाकट्याला कोण बघणार? मी सकाळी सहाला कामावर जाते."

आम्ही परत निघालो, पण तो हिशेब डोक्यातून जाईना. एक बाई पंचेचाळिसाव्या वर्षी खेळते आणि जग उभे राहून टाळ्या वाजवते. एक मुलगी तेराव्या वर्षी खेळ सोडते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. पहिलीची निवृत्ती तिच्या स्वतःच्या हातात आहे. दुसरीची निवृत्ती परिस्थितीने ठरवली आहे, आणि तिला निवृत्ती असे नावही मिळणार नाही. मैदानावरची स्पर्धा आणि मैदानाचा निरोप, या दोन्ही गोष्टी ज्याला आत येऊ दिले त्यालाच मिळतात. आज आम्हाला एवढेच सांगायचे आहे.

ही व्हीनस कोण? कॅलिफोर्नियातील कॉम्प्टन नावाच्या गरीब, गुन्हेगारीने पोखरलेल्या वस्तीत वाढलेली कृष्णवर्णीय मुलगी. तिचा बाप पुस्तके आणि चित्रफिती पाहून टेनिस शिकला आणि त्याने व्हीनस आणि सेरेना या दोन मुलींना शिकवले. कुठे शिकवले? कुठल्या क्लबात नव्हे. कॉम्प्टनच्या सार्वजनिक कोर्टावर, जेथे कुणीही जाऊन खेळू शकत होते. व्हीनसने १९९४ साली चौदाव्या वर्षी व्यावसायिक टेनिसमध्ये पाऊल ठेवले. २०२५ च्या जुलैमध्ये तिने ज्या पेटन स्टर्न्सला हरवले, तिचा जन्म त्यानंतर सात वर्षांनी झालेला! सोळा महिने ती एकेरीचा एकही सामना खेळली नव्हती. २०११ मध्ये तिला असाध्य आजाराचे निदान झाले होते. तरीही ती उभी राहिली आणि जिंकली. सामना संपल्यावर ती हसत म्हणाली की, आरोग्य विम्यासाठी तरी मला परत येणे भागच होते. लोक हसले. आम्हालाही हसू आले, पण नंतर वाटले, पाच वेळा विम्बल्डन जिंकलेल्या बाईच्या विनोदातही म्हातारपणाच्या औषधपाण्याची काळजी डोकावते, तर चार घरची भांडी घासणाऱ्या बाईने काय करावे?

व्हीनसची सर्वांत मोठी प्रतिस्पर्धी तिची सख्खी धाकटी बहीण होती. दोघी एकमेकींविरुद्ध ३१ सामने खेळल्या. सेरेनाने १९ जिंकले, व्हीनसने १२. एका घरात, एका खोलीत वाढलेल्या दोघी बहिणी चार वेळा विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात समोरासमोर आल्या. हे सुख त्यांना फुकट मिळाले नाही. २००१ साली इंडियन वेल्सच्या स्पर्धेत व्हीनसने दुखापतीमुळे बहिणीविरुद्धचा सामना सोडला, तेव्हा संशयाचे वादळ उठले. दोन दिवसांनी अंतिम सामन्यात एकोणीस वर्षांच्या सेरेनाची प्रेक्षकांनी सतत हुर्यो उडवली. आपल्याला वर्णावरून शिव्या दिल्या गेल्या, असे त्यांच्या वडिलांनी सांगितले. दोघी बहिणींनी त्या स्पर्धेवर बहिष्कार टाकला. सेरेना चौदा वर्षांनी, २०१५ मध्ये परतली. व्हीनस २०१६ मध्ये. बहिष्कार हे शस्त्र आपल्या समाजावर पिढ्यान् पिढ्या चालवले गेले. येथे दोन मुलींनी ते उलटे धरले.

आता थोडे स्पर्धेविषयी. महिला टेनिसमधील सर्वांत गाजलेली जोडी म्हणजे ख्रिस एव्हर्ट आणि मार्टिना नवरातिलोवा. १९७३ ते १९८८ या काळात त्या ८० वेळा एकमेकींशी लढल्या. मार्टिनाने ४३ सामने जिंकले, ख्रिसने ३७. दोघींच्याही नावावर एकेरीची ग्रँड स्लॅम विजेतेपदे प्रत्येकी १८. ख्रिस नसती तर मार्टिनाने आपले शरीर इतके घडवले नसते. मार्टिना नसती तर ख्रिसला आपला खेळ इतका बदलावा लागला नसता. पुढे उतारवयात दोघींनाही कर्करोगाने गाठले, तेव्हा त्या एकमेकींच्या आधाराला उभ्या राहिल्या. मैदानावर वैरी, बाहेर मैत्रिणी, अशी पोपटपंची आम्हाला करायची नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. प्रतिस्पर्धी होण्यासाठी आधी समोरच्याने तुम्हाला बरोबरीचे मानावे लागते.

टेनिसमध्ये एक साधा नियम आहे. पहिला, तिसरा, पाचवा असा प्रत्येक विषम गेम संपला की दोन्ही खेळाडू बाजू बदलतात. का? एका बाजूला ऊन डोळ्यांवर येते, वारा तोंडावर येतो. ते ऊन एकीनेच का सोसावे? दोघींनी ते वाटून घ्यायचे. आम्हा वकिलांना हा नियम फार आवडतो. दोन्ही बाजूंचे ऐकल्याशिवाय निकाल नाही, हे आमच्या कोर्टाचे तत्त्व. दोन्ही बाजूंनी खेळल्याशिवाय निकाल नाही, हे त्या कोर्टाचे. या देशाच्या समाजव्यवस्थेने मात्र हजारो वर्षे बाजू बदलू दिली नाही. एका बाजूला कायमची सावली, दुसऱ्या बाजूला कायमचे ऊन. आणि वर उपदेश असा की, तुम्ही कमी पडता, तुमच्यात गुणवत्ता नाही!

पळवणकर बाळू यांचे उदाहरण आपल्या वाचकांना ठाऊक आहे. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात त्यांनी साहेबांना सरावासाठी तासन् तास गोलंदाजी केली. बॅट मात्र त्यांच्या हाती दिली गेली नाही. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. चहाच्या वेळी त्यांचा कप वेगळा होता. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता! हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना वय उतरणीला लागले तरी मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले. उमेदीच्या काळात हक्क नाकारायचा आणि वय झाले की सत्कार करायचा, ही इथल्या प्रस्थापितांची जुनी रीत आहे.

हाच अन्याय अमेरिकेत अल्थिया गिब्सनने भोगला. १९२७ साली खंडाने शेती करणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबात ती जन्मली आणि न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत वाढली. तेथे मुलांना खेळता यावे म्हणून एक रस्ता वाहनांना बंद करीत. त्या रस्त्यावर तिच्या हाती पहिल्यांदा बॅट आली. ती उत्तम खेळत होती, पण १९५० पर्यंत अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेचे दार काळ्या खेळाडूंना बंद होते. त्या वर्षी ॲलिस मार्बल या गोऱ्या माजी विजेतीने टेनिसच्या मासिकात खरमरीत पत्र लिहून आपल्याच बिरादरीला लाज आणली, तेव्हा दार उघडले. १९५५-५६ मध्ये अमेरिकन सरकारने तिला आशियाच्या दौऱ्यावर पाठवले. ती भारतातही येऊन गेली. १९५७ आणि १९५८ साली तिने विम्बल्डन जिंकले. इंग्लंडच्या राणीच्या हस्ते चषक घेतला. न्यूयॉर्कमध्ये तिची मिरवणूक निघाली.

आणि नंतर? त्या काळी हौशी टेनिसमध्ये बक्षिसाची रक्कम नव्हती. चषकाने पोट भरत नाही. १९५८ नंतर तिने ते टेनिस सोडले, बास्केटबॉलच्या खेळाआधी प्रदर्शनी सामने खेळली, गोल्फ खेळली. उतारवयात आजारपण आले. १९९० च्या दशकात तर घरभाडे आणि औषधाला पैसे नाहीत, अशी तिची अवस्था झाली. तिने फोन केला तो अँजेला बक्स्टन या जुन्या सहकारी खेळाडूला. अँजेला ज्यू होती. क्लबांची बंद दारे तिनेही पाहिली होती. १९५६ साली या दोघींनी मिळून विम्बल्डनची दुहेरी जिंकली होती. अँजेलाने मदतीचे आवाहन घडवून आणले आणि जगभरातून पैसे आले. २००३ साली अल्थिया वारली. दोन वेळा विम्बल्डन जिंकलेल्या स्त्रीचे म्हातारपण लोकांच्या दयेवर गेले. म्हणून आम्ही म्हणतो, निवृत्ती हा भावनेचा विषय नाही, हक्काचा विषय आहे.

तो हक्क कुणी आणला? बाईंनी संघटना केली तेव्हा तो आला. १९७० साली बिली जीन किंग आणि आणखी आठ जणींनी एकेका डॉलरच्या करारावर सह्या करून पुरुषी टेनिस संघटनांविरुद्ध बंड केले. बिली जीन अग्निशमन दलातील जवानाची मुलगी. तीही सार्वजनिक बागांतल्या फुकट कोर्टांवर शिकलेली. १९७३ मध्ये महिला खेळाडूंची संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी अमेरिकन ओपनने पुरुषांइतकीच बक्षिसे महिलांना दिली. विम्बल्डनला ते समजायला २००७ उजाडावे लागले. त्यासाठी लढली कोण? हीच व्हीनस. स्पर्धेच्या ऐन धामधुमीत ती अधिकाऱ्यांसमोर बाजू मांडायला गेली, वर्तमानपत्रात लेख लिहिला. आणि समान रकमेचे पहिले विजेतेपदही २००७ मध्ये तिनेच जिंकले. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे तिने कुठे वाचले नसेल. पण केले तेच.

जरा कुणाला चुकत नाही. शरीर अनित्य आहे, हे तथागतांनी सांगितले, आणि टेनिसपटूइतके ते लवकर कुणाला कळत नाही. चाळिशीच्या आत गुडघे बोलू लागतात. पण बाईच्या वाट्याला शरीराचा आणखी एक हिशेब येतो, मातृत्वाचा. सेरेनाला २०१७ मध्ये मुलगी झाली. प्रसूतीनंतर ती जिवावरच्या दुखण्यातून वाचली. २०१८ मध्ये परतली तेव्हा पहिल्या क्रमांकाची ही खेळाडू साडेचारशेच्या आसपास घसरलेली होती आणि फ्रेंच ओपनमध्ये तिला मानांकन मिळाले नाही. आई झाली हा जणू गुन्हा! त्यावर ओरड झाली आणि २०१९ पासून परतणाऱ्या मातांसाठी नियम सुधारले. मार्च २०२५ मध्ये महिला टेनिस संघटनेने खेळाडूंना बारा महिन्यांपर्यंत पगारी प्रसूती रजा देणारा निधी जाहीर केला. सेरेनाने आई झाल्यावर चार ग्रँड स्लॅम अंतिम सामने गाठले आणि २०२२ च्या अमेरिकन ओपनमध्ये २३ विजेतेपदांसह कोर्टाचा निरोप घेतला. त्या वेळी तिने लिहिले की, आपण पुरुष असतो तर खेळ की कुटुंब, ही निवड आपल्याला करावीच लागली नसती.

टेनिसला २०२५ मध्ये सुचलेली गोष्ट बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात मांडली होती, याची आठवण आम्ही मुद्दाम देतो. कामगार स्त्रीला बाळंतपणाची रजा आणि भत्ता मिळाला पाहिजे, या विधेयकाच्या बाजूने ते ठामपणे बोलले. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे १९६१ चा देशाचा कायदा आला, २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली. पण सकाळी सहाला कामावर जाणाऱ्या आरेच्या त्या माऊलीपर्यंत ती रजा पोचली नाही. तिच्या मालकिणी चार आहेत, म्हणून कायद्याच्या लेखी तिचा मालक कुणीच नाही. आणि तिच्या रजेची, तिच्या पाळणाघराची, तिच्या नळाच्या पाण्याची किंमत कोण मोजते? तिची तेरा वर्षांची मुलगी मोजते, आपला खेळ देऊन.

आता आपल्या घरचे पाहू. सानिया मिर्झा १९८६ साली मुंबईत जन्मली आणि हैदराबादला वाढली. एकेरीत २७ व्या क्रमांकापर्यंत पोचली, २०१५ मध्ये दुहेरीत जगात पहिली झाली, दुहेरी आणि मिश्र दुहेरी मिळून सहा ग्रँड स्लॅम विजेतेपदे जिंकली. अठरा-एकोणीस वर्षांची असताना तिच्या कपड्यांवरून काहूर उठवले गेले. पुढे लग्नावरून तिच्या देशप्रेमाचा दाखला मागितला गेला. ती खेळत राहिली. २०१८ मध्ये आई झाली, २०२० च्या जानेवारीत परतली आणि पहिल्याच स्पर्धेत दुहेरीचे विजेतेपद जिंकले. २०२३ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये छत्तिसाव्या वर्षी मिश्र दुहेरीचा अंतिम सामना खेळून, महिनाभराने दुबईत ती निवृत्त झाली. निरोप कधी घ्यायचा हे तिने ठरवले. ती गेल्यावर मागे कोण? महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेने २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत त्रेचाळीस वर्षांच्या रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक आणले. अभिमान वाटतो. पण अशा मुली बोटावर मोजण्याइतक्याच का?

मुंबईला टेनिस नवे आहे असे नाही. १९३४ साली मुंबईच्या लीला रावने विम्बल्डनमध्ये सामना जिंकला. असा सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. तिच्या आई क्षमा राव या संस्कृत विदुषी, त्याही टेनिस खेळत. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी या शहरातल्या एका घरात मायलेकी टेनिस खेळत होत्या. कर्तबगार होत्या, यात शंका नाही. पण त्याच काळात आमच्या आज्या काय करत होत्या? १९२७ च्या महाड सत्याग्रहाला सात वर्षे झाली होती आणि पाणवठ्यावरचा हक्क अजून कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होता. एकीकडे रॅकेट, दुसरीकडे रिकामी घागर. ही काही गुणवत्तेतली तफावत नव्हती.

२०१७ च्या नोव्हेंबरमध्ये चर्चगेटच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर मुंबई ओपन ही महिलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. ती जिंकली एकोणीस वर्षांच्या अरिना सबालेन्काने. हीच मुलगी २०२३ मध्ये जगात पहिली झाली. गोरेगाव स्टेशनवरून चर्चगेटची लोकल पकडली तर तासाभराचा प्रवास. आरेच्या किती मुलींनी तो सामना पाहिला असेल? या शहरातील टेनिस कोर्टे जिमखान्यांत आहेत, क्लबांत आहेत, मोठ्या संकुलांच्या बंद फाटकांआड आहेत. मरीन ड्राइव्हचे जिमखाने तर सरकारी जमिनीवर, भाडेपट्ट्याने बसलेले आहेत. जमीन जनतेची, खेळ सभासदांचा! आणि आरे? दूध वसाहत म्हणून १९४९ साली उभी राहिलेली ही तीन हजार एकरांहून मोठी सरकारी वसाहत. तिच्यातून चित्रनगरी निघाली, राज्य राखीव पोलीस दलाची छावणी निघाली, मेट्रोची कारशेड निघाली. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री झाडांवर करवती चालल्या तेव्हा पाड्यांवरच्या आयाबहिणी पोलिसांपुढे उभ्या राहिल्या. एवढ्या जमिनीत पाड्यांवरच्या मुलींसाठी मात्र पडक्या तबेल्याची एक भिंतच उरली.

झाडे तोडून कोर्ट बांधा, असे आम्ही म्हणणार नाही. त्या जंगलावर त्या मुलींचाच पहिला हक्क आहे. उपनगरात महापालिकेची मैदाने आहेत, शाळांची पटांगणे आहेत, क्रीडासंकुले आहेत. तेथे जागा आहे. अडते ते फीपाशी आणि वेळेपाशी.

इव्हॉन गुलागाँगची हकिकत येथे सांगितलीच पाहिजे. ऑस्ट्रेलियातील विराजुरी या मूलनिवासी जमातीची ही मुलगी. बाप मेंढ्यांची लोकर कातरणारा मजूर. बॅरेलन नावाच्या छोट्याशा गावात ती लाकडी खोक्याच्या फळीने भिंतीवर चेंडू मारायची. हो, आरेच्या मुलीसारखीच. गावच्या टेनिस कोर्टाच्या कुंपणातून ती डोकावत असे. एका भल्या माणसाने तिला पाहिले आणि आत येऊन खेळायला सांगितले. एवढेच घडले. १९७१ साली तिने विम्बल्डन जिंकले. १९८० साली, एका मुलीची आई झाल्यावर, एव्हर्टला हरवून पुन्हा जिंकले. आई असलेल्या स्त्रीने विम्बल्डनची एकेरी जिंकणे १९१४ नंतर पहिल्यांदाच घडत होते. तिच्या पहिल्या विजयाच्या पन्नासाव्या वर्षी, २०२१ मध्ये, नगारिगो जमातीचा वारसा सांगणाऱ्या ॲश बार्टीने तेच विम्बल्डन जिंकले. आणि २०२२ च्या मार्चमध्ये, जगात पहिल्या क्रमांकावर असताना, पंचविसाव्या वर्षी स्वतःहून खेळ सोडला. पंचेचाळिसाव्या वर्षी खेळत राहणे हा हक्क, तसा पंचविसाव्या वर्षी मान ताठ ठेवून थांबणे हाही हक्कच. दोन्हींच्या आधी कुणीतरी फाटक उघडलेले असते.

मात्र फाटक उघडायला दरवेळी भल्या माणसाची वाट पाहायची का? आम्ही बाबासाहेबांची लेकरे आहोत, दयेवर आमचा विश्वास नाही. महाडच्या तळ्याचे पाणी आम्ही कुणाच्या मेहेरबानीने मागितले नाही. ते सार्वजनिक होते म्हणून मागितले. संविधानाच्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या जोडीने सरकारी पैशातून चालणाऱ्या, लोकांनी एकत्र येण्याच्या जागांचाही उल्लेख आहे. जात, धर्म, लिंग, वंश, जन्मस्थान यांच्या कारणावरून तेथे कुणाला अडवता येत नाही. सरकारी पैशातून चालणारे क्रीडांगण ही अशीच जागा नाही काय? आज फाटकावर जात विचारत नाहीत, हे खरे. आज वार्षिक फी विचारतात, पांढरे बूट विचारतात, सभासदाची ओळख विचारतात. जात विचारण्याची गरजच उरत नाही, फीच ते काम करते. आपण हा खटला अजून उभाच केलेला नाही.

कार्यकर्ते म्हणतील, आधी भाकरी, मग खेळ. आम्ही म्हणतो, भाकरीचाच प्रश्न आहे हा. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्या जागांचा लाभ कुणाला? ज्याला मैदान मिळाले त्याला. व्हीनस-सेरेना कॉम्प्टनच्या सार्वजनिक कोर्टावर घडल्या, बिली जीन सार्वजनिक बागेत घडली, ख्रिस एव्हर्टचे वडीलही सार्वजनिक कोर्टावरच प्रशिक्षक होते. टेनिस हा श्रीमंतांचा खेळ आहे, हे वाक्य अर्धेच खरे आहे. जेथे कोर्टे श्रीमंतांच्या कुंपणात असतात, तेथे तो श्रीमंतांचा असतो.

म्हणून आमचे वाचकांना, विशेषतः उपनगरांतील तरुण कार्यकर्त्यांना सांगणे आहे. अंधेरी, गोरेगाव, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, जेथे असाल तेथल्या महापालिका विभाग कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. चार प्रश्न विचारा. या विभागात सरकारी आणि महापालिकेच्या जमिनीवर किती क्रीडासंकुले आणि कोर्टे आहेत? ती कुणाला, कोणत्या अटींवर चालवायला दिली? फी किती आणि सवलत कुणाला? महापालिका शाळांच्या आणि आदिवासी पाड्यांच्या मुलींसाठी आठवड्यातले किती तास राखून ठेवले? दहा रुपयांचा अर्ज आहे. उत्तर आले की ते घेऊन विहारात बसा, मंडळात चर्चा करा, मग आमच्याकडे या. पुढचे कागद करण्याचे काम आमचे. फीमाफी, राखीव तास आणि मुलींना नेण्या-आणण्याची सोय, या तीन मागण्यांत अशक्य काय आहे? जोडीला पाड्यावर नळ आणि पाळणाघर, या दोन मागण्या विसरू नका. त्या पाण्याच्या हंड्याखालीच तिची निवृत्ती दडलेली आहे.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा त्या पाड्यावर गेलो होतो. दाखल्याचे काम अर्धे झाले होते. मुलगी हंडा घेऊन येत होती. आमच्या सहकाऱ्याने विचारले, "किती झाले?" तिने हंडा खाली ठेवला आणि म्हणाली, "शंभराच्या वर गेले होते. मग बॉल हरवला."

चेंडू आम्ही नवा आणून देऊ. दोन मोठे नेऊ. पण चेंडू तिच्याकडे आधीही होता. तिला हवी आहे ती समोरची बाजू, जेथे भिंतीऐवजी एखादी मुलगी उभी असेल, आणि दर विषम गेमनंतर दोघी ऊन वाटून घेतील. ती हरेल, जिंकेल, म्हातारी होईल, थकेल आणि एक दिवस स्वतःच्या मर्जीने रॅकेट खाली ठेवील. तो दिवस तेराव्या वर्षी येता कामा नये, एवढी जबाबदारी आपली आहे.

जय भीम!